डी-१० पातळीची मज्जारज्जूची दुखापत आणि स्टेम सेल उपचार : निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे

मृण्मयी_क (प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा असून वायरिंगची कामे घेतो. आठ महिन्यांपूर्वी एका बांधकामाच्या स्लॅबवरून तो खाली पडला आणि पाठीचा दहावा मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली. शस्त्रक्रिया लगेच झाली, रॉड आणि स्क्रू बसवले. मात्र बेंबीच्या खाली त्याला काहीही जाणवत नाही, पाय हलत नाहीत आणि लघवी व शौचावर ताबा नाही. डिस्चार्ज कार्डावर 'डी-१०, एशिया ए' असे लिहिलेले आहे.

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांच्या ओळखीने आम्ही दुसऱ्या शहरातील एका खासगी केंद्रात गेलो. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, त्यातील स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशी) वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या पाण्यात इंजेक्शनने सोडायच्या, असे चार वेळा करायचे, असा उपचार त्यांनी सुचवला आहे. त्यासोबत तिथेच राहून रोज पाच-सहा तास फिजिओथेरपी आहे. एकूण खर्च आठ लाखांच्या आसपास सांगितला असून बहुतेक रुग्णांमध्ये सुधारणा होते, असे त्यांच्या माहितीपत्रकात छापले आहे. काकांनी जपानमधील एका रुग्णाची बातमी पाठवली आहे. तो स्टेम सेल उपचारानंतर उभा राहू लागला, असे त्यात म्हटले आहे.

पैसे उभे करायचे तर गावाकडचा शेताचा तुकडा विकावा लागेल. आई त्याला तयार आहे. हा उपचार खरोखर सिद्ध झालेला आहे का, आठ महिन्यांनंतर त्याचा उपयोग होतो का आणि त्यात धोका किती, हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया धीर देण्यासाठी लिहू नका, जे खरे असेल ते लिहा.

---

पुनर्वसनवैद्य

मृण्मयीताई, मी पुनर्वसन विभागात काम करतो आणि असे माहितीपत्रक घेऊन आलेली कुटुंबे मला वरचेवर भेटतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्टपणे देतो. मज्जारज्जूच्या दुखापतीवरील कोणताही स्टेम सेल उपचार भारतात नियमित उपचार म्हणून मान्य झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम काही आजारांसाठी केले जाणारे बोन मॅरो प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा रुग्णावरील प्रत्येक वापर हा संशोधन समजला जातो. तो मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तुम्हाला आठ लाखांचा आकडा सांगितला गेला, एवढ्यावरूनच पुष्कळसा उलगडा होतो.

आता 'बहुतेक रुग्णांमध्ये सुधारणा' या वाक्याकडे वळू, कारण कुटुंबे फसतात ती याच वाक्यापाशी, आणि त्यात छापलेले प्रत्येक अक्षर खोटे असेलच असे नाही. एशिया श्रेणी म्हणजे मज्जारज्जूची दुखापत किती गंभीर आहे हे 'ए' ते 'ई' अशा अक्षरांत सांगणारी मोजणी. ती ठरवताना आम्ही डोक्यापासून खालपर्यंत ठरलेल्या जागी कापूस आणि टाचणी लावून संवेदना तपासतो, ठरावीक स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा गुणांत मोजतो आणि शेवटी गुदद्वाराजवळची जाणीव व तेथील स्नायूचे आकुंचन तपासतो. 'ए' म्हणजे त्या सर्वांत खालच्या भागात संवेदनाही नाही आणि हालचालही नाही. तिथे थोडी जरी जाणीव आली, तरी पायाचा एकही स्नायू हललेला नसताना रुग्ण 'ए' मधून 'बी' मध्ये जातो. कागदावर ही एका श्रेणीची सुधारणा ठरते; घरच्यांच्या मनात मात्र सुधारणा म्हणजे चालणे असते. त्यामुळे सुधारणा किती जणांत झाली यापेक्षा नेमके काय सुधारले, ते कोणी तपासले आणि तपासणाऱ्याला कोणत्या रुग्णाला काय दिले आहे हे ठाऊक होते का, हे विचारावे लागते.

दुसरी गोष्ट नैसर्गिक सुधारणेची. पूर्ण दुखापत म्हणून नोंदलेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाची श्रेणी पहिल्या वर्षभरात कोणत्याही विशेष उपचाराशिवाय बदलते. मानेच्या दुखापतीत हे प्रमाण जास्त असते, तुमच्या भावासारख्या छातीच्या पातळीवरील दुखापतीत कमी. ज्या चाचणीत उपचार न दिलेल्या रुग्णांचा तुलनागट नसतो, तिथे ही सुधारणा इंजेक्शनच्या खात्यावर जमा होते. शिवाय त्या केंद्रात रोज पाच-सहा तास व्यायाम करून घेणार आहेत. घरी आठ महिने बहुतेक वेळ पलंगावर असलेल्या तरुणाला इतका व्यायाम मिळाला, तर त्याचे बसण्याचे संतुलन, दंडांची ताकद आणि मनाची उभारी निश्चितच वाढेल. ते श्रेय फिजिओथेरपीचे आहे, आणि ती शेत न विकताही मिळू शकते.

दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटरमध्ये रुग्णाच्या स्वतःच्या बोन मॅरोतील पेशींवर चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. छातीच्या पातळीवरील पूर्ण दुखापत झालेले, म्हणजे तुमच्या भावासारखेच रुग्ण तिच्यात होते आणि त्यांना पेशी दुखापतीनंतर दोनेक आठवड्यांच्या आत मिळाल्या होत्या. ही पद्धत करता येण्याजोगी आहे असे त्यात दिसले, पण तिचा ठोस फायदा दिसला नाही.

---

पेशीअभ्यासक

जपानच्या बातमीविषयी मी लिहितो, कारण पेशींवरील संशोधन हे माझे रोजचे काम आहे आणि ती बातमी खरी असूनही चुकीच्या अर्थाने फिरवली जात आहे, याचे मला फार वाईट वाटते.

जपानमध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. पहिली सापोरो वैद्यकीय विद्यापीठाची. तिथे रुग्णाच्या बोन मॅरोतील मेसेन्कायमल पेशी (हाड, कूर्चा, चरबी अशा ऊती बनवणारा स्टेम सेलचा एक प्रकार) प्रयोगशाळेत वाढवून शिरेतून दिल्या जातात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये 'स्टेमिरॅक' या नावाने या उपचाराला सात वर्षांच्या मुदतीची सशर्त मान्यता मिळाली. तिचा आधार होता अवघ्या तेरा रुग्णांचा, तुलनागट नसलेला अभ्यास. त्यांपैकी बारा जणांची श्रेणी सुधारली होती, पण दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उपचार मिळालेल्या या रुग्णांमध्ये नैसर्गिक सुधारणेचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून सांगता येत नाही, अशी टीका जगभरच्या शास्त्रज्ञांनी केली.

दुसरी गोष्ट केओ विद्यापीठाची, आणि तुमच्या काकांनी पाठवलेली बातमी बहुधा तिचीच आहे. हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून) मज्जातंतूंच्या पूर्वपेशी तयार केल्या आणि शस्त्रक्रिया करून प्रत्येक रुग्णाच्या दुखापतीच्या जागी वीस लाख पेशी सोडल्या. पहिले रोपण २०२१ च्या डिसेंबरमध्ये झाले. एकूण चार रुग्ण होते, चौघांचीही दुखापत दोन ते चार आठवड्यांपूर्वीची होती. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले : गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, दोघांमध्ये सुधारणा झाली, त्यांपैकी एक जण आधाराशिवाय उभा राहून चालण्याचा सराव करू लागला, आणि उरलेल्या दोघांत फारसा बदल झाला नाही. चार जणांच्या या चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षितता पाहणे हा होता.

हा मुद्दा तुमच्या भावाला पटकन समजेल, कारण तो वायरिंग करतो. मज्जारज्जूला मार बसतो तेव्हा केबलच्या आतल्या काही तारा तुटतात, काहींचे वरचे आवरण सोलले जाते आणि पुढच्या काही आठवड्यांत सूज व दाहामुळे शेजारच्या शाबूत ताराही निकामी होतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पेशी देण्यामागे हे दुसऱ्या टप्प्यातील नुकसान थांबवणे आणि आवरण पुन्हा चढवणे, हा विचार असतो. अमेरिकेत गेरॉन कंपनीने २०१० मध्ये भ्रूणीय स्टेम सेलपासून तयार केलेल्या, आवरण बनवणाऱ्या पेशींची जगातील पहिली अशी चाचणी अटलांटामध्ये सुरू केली, तेव्हा दुखापतीनंतरचे सात ते चौदा दिवस ही मुदत ठरवली होती. आर्थिक कारणांनी कंपनीने २०११ मध्ये काम थांबवले. पुढे दुसऱ्या कंपनीने त्याच पेशी मानेच्या दुखापतीत वापरल्या, त्यातही मुदत तीन ते सहा आठवड्यांची होती. आठ महिन्यांनंतर परिस्थिती बदललेली असते. दुखापतीच्या जागी व्रणऊतक तयार झालेले असते, बऱ्याचदा मध्ये पाण्याची पोकळी असते आणि तुटलेल्या तंतूंना वाढू न देणारी रसायने त्या व्रणात असतात. पेशी तिथे नेऊन सोडल्या म्हणजे तार जोडली गेली, असे होत नाही. त्या जगाव्या लागतात, योग्य प्रकारच्या व्हाव्या लागतात आणि त्यांची जोडणी योग्य ठिकाणी व्हावी लागते.

बोन मॅरोतील मेसेन्कायमल पेशी तर शरीरात गेल्यावर मज्जातंतू बनतच नाहीत, असेच आजवरचे बहुतेक पुरावे सांगतात. त्या दाह कमी करणारे आणि ऊतींना पोषक असे घटक स्रवतात आणि काही काळाने नाहीशा होतात. शिवाय हाडातून काढलेल्या मॅरोमध्ये या पेशी अत्यल्प असतात. प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्याशिवाय त्यांची मोठी संख्या मिळत नाही. एकाच दिवसात मॅरो काढून, यंत्रात फिरवून, संध्याकाळी इंजेक्शन देणारे केंद्र जे देते ते मुख्यतः रक्ताच्या पेशींचे मिश्रण असते. केओच्या पेशींशी त्याचा काहीही संबंध नाही, मग भिंतीवर त्या बातमीचे कात्रण लावलेले असले तरीही.

जुन्या दुखापतीवर कामच होत नाही, असे मात्र समजू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गटाने एक ते दोन वर्षे जुनी, छातीच्या पातळीवरील दुखापत असलेल्या चार रुग्णांच्या मज्जारज्जूत मज्जातंतूंच्या पूर्वपेशी सोडल्या आणि त्यांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी दोघांमध्ये काही टिकाऊ सुधारणा दिसली. कोणी चालू लागले नाही, पण पेशी धोका न होता देता येतात, हे कळणेही मोलाचे आहे. हे काम गांभीर्याने चालू आहे आणि ते पुढे जावे असे मला मनापासून वाटते. म्हणूनच त्याच्या नावावर होणारी विक्री सहन होत नाही.

---

सह्यवासी

मी डॉक्टर नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात माझी डी-१२ पातळीची दुखापत झाली आणि तेव्हापासून मी व्हीलचेअर वापरतो, नोकरी करतो, हाताने चालणारे नियंत्रण बसवलेली गाडी चालवतो. मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नात भावाच्या हातांचा उल्लेख नाही. डी-१० म्हणजे त्याचे दोन्ही हात पूर्ण ताकदीचे आहेत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर आणि गाडीत स्वतःचे स्वतः जाणे त्याला शिकता येईल, आणि हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही, कारण याच पातळीचे कितीतरी लोक ते रोज करतात.

मला विचारायचे आहे की त्याला लघवीची नळी कायमची ठेवलेली आहे की तो दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढतो? त्याच्या खुर्चीवर दाब विभागणारी गादी आहे की साधा फोम? रात्री झोपण्यापूर्वी तो हातात आरसा धरून माकडहाडाची आणि मांडीखालच्या हाडांवरची त्वचा पाहतो का? आमच्यासारख्यांना संवेदना नसल्यामुळे लालसर चट्टा दिसतो तेव्हाच कळतो, आणि तो एकदा उघडला की महिनोन्महिने पालथे पडून राहावे लागते. मला ओळखीचे जे गमवावे लागले, ते पाय न हलल्यामुळे गेलेले नाहीत. बेडसोरमधून पसरलेल्या संसर्गाने आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याने गेले आहेत.

मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, सरकारी आहे. तिथे नीट नोंद करून पुनर्वसनाची चौकशी करा. सैनिकांसाठी पुण्यात खडकीला जे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथले खेळाडू पाहिले तर तुमच्या आईच्या मनातील खुर्चीविषयीचे चित्र बदलेल. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर तेही काढून घ्या.

आणखी एक विचारतो. आई तयार आहे, काकांनी बातमी पाठवली, तुम्ही इथे लिहिले. भावाला काय वाटते?

---

मृण्मयी_क

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सह्यवासी, आपल्या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले. त्याच्याशी आम्ही खर्चाविषयी बोललेलोच नाही. शेत विकण्याचे त्याला कळले तर तो नकार देईल, अशी आईला भीती वाटते. नळी कायमचीच आहे आणि गादी साधी आहे.

मला अजून तीन शंका आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दहापैकी सात जणांत सुधारणा झाली, असे मी वाचले, आणि तिथे दुखापती ताज्या नव्हत्या. मग आमच्यासाठी तो आधार ठरत नाही का? दुसरे, पेशी त्याच्या स्वतःच्याच असतील तर निदान अपाय तरी होणार नाही ना? तिसरे, आज केंद्राला फोन करून विचारले असता 'आमची चाचणी नोंदणीकृत आहे' असे त्यांनी सांगितले.

---

पेशीअभ्यासक

मेयो क्लिनिकचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी प्रयोगशाळेत वाढवून सुमारे दहा कोटींच्या संख्येने पाठीच्या पाण्यात दिल्या होत्या. सात जणांची श्रेणी किमान एकाने सुधारली हे खरे आहे, पण तो पहिल्या टप्प्याचा अभ्यास होता आणि तुलनागट नव्हता, त्यामुळे पुनर्वसनवैद्यांनी वर सांगितलेल्या सर्व अडचणी त्यालाही लागू होतात. तुलनागट का हवा, याचे उत्तर आधीच्या एका अनुभवात मिळते. स्टेमसेल्स इनकॉर्पोरेटेड या कंपनीने मानेच्या जुन्या दुखापतींवर मज्जासंस्थेच्या स्टेम सेल वापरल्या होत्या. सुरुवातीचे आकडे आशादायक होते, मात्र तुलनागट असलेल्या पुढच्या टप्प्यात अपेक्षित परिणाम टिकला नाही आणि २०१६ मध्ये ती चाचणी बंद झाली.

स्वतःच्या पेशी म्हणजे निर्धोक, हा समज फार पसरलेला आहे. एका तरुणीने पोर्तुगालमध्ये स्वतःच्याच नाकाच्या आतील अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतल्या होत्या. आठ वर्षांनी तिची पाठ दुखू लागली, तेव्हा अमेरिकेत शस्त्रक्रिया करून गाठ काढावी लागली. त्या गाठीत नाकात तयार होतो तसा चिकट स्राव साठलेला होता. हे प्रकरण २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बोन मॅरोच्या इंजेक्शनमध्ये असे क्वचितच घडेल, पण वारंवार पाठीच्या पाण्यात काही सोडल्याने जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणांचा दाह आणि आधीच असलेल्या जळजळीत वेदना वाढणे, हे धोके उरतातच.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. चांगल्या चाचण्यांमध्ये पूर्वी पेशी-उपचार घेतलेल्या रुग्णांना बहुधा प्रवेश नाकारतात, कारण मग कोणत्या पेशींचा परिणाम काय, हे सांगता येत नाही. तुमचा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे. येत्या काही वर्षांत जुन्या दुखापतीसाठी खरी चाचणी सुरू झाली, तर त्याला ते दार उघडे असायला हवे.

---

पुनर्वसनवैद्य

नोंदणीविषयी सांगतो. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो. केंद्राकडून 'सीटीआरआय'ने सुरू होणारा क्रमांक लेखी मागा आणि तो तिथे घालून पाहा. त्या नोंदीत कोणता आजार लिहिला आहे, दुखापतीनंतर किती काळातील रुग्ण घेतले जाणार आहेत, तुलनागट आहे का आणि चाचणी अजून चालू आहे की कधीच संपली, हे सर्व दिसते. मात्र नोंद असणे म्हणजे मान्यता असणे नव्हे. केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी ही वेगळी कागदपत्रे आहेत, तीही पाहायला मागा. चाचणीमुळे इजा झाल्यास तिचा उपचार आणि भरपाई प्रायोजकाने देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, त्यामुळे संमतीपत्रात तो परिच्छेद असायलाच हवा. पैसे भरायला सांगणाऱ्या केंद्राकडे ही सर्व कागदपत्रे जुळून आलेली मी आजवर पाहिलेली नाहीत.

नळीचे मात्र या आठवड्यातच पाहा. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या, शक्य असल्यास मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणीही करा आणि ते अहवाल घेऊन मूत्रविकारतज्ज्ञांना भेटा. मूत्राशयाची अवस्था पाहून कायमची नळी काढायची का, हे ते ठरवतील. हात चांगले असल्यामुळे तो स्वतः नळी घालायला बहुधा चार-पाच दिवसांत शिकेल. गादी बदलण्यासाठी तपासणीची वाट पाहू नका.

भावाशी बोलताना केंद्राचे माहितीपत्रक आणि हा धागा, दोन्ही त्याच्यासमोर ठेवा. संमतीपत्रावर सही त्याची लागणार आहे, आईची किंवा काकांची नाही.

---

मृण्मयी_क

सोनोग्राफीसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे. केंद्राकडे क्रमांक लेखी मागितला असता 'समक्ष येऊन बोला' असे उत्तर आले, त्यामुळे शेताचा व्यवहार तूर्त थांबवला आहे. सह्यवासी, भावाला आपल्याशी गादीविषयी आणि गाडीच्या हातनियंत्रणाविषयी बोलायचे आहे. आपल्याला चालत असेल तर त्याला इथे सदस्य करून घेते, तो स्वतःच लिहील.